घरावरचा बंब आणि तिसरी तार



दिवाळी झाली, थंडी पडू लागली की आमच्याकडे एका जातीची पत्रे येऊ लागतात. पाणी तापवायचा बंब, त्याचे बिल, त्याची दुरुस्ती. यंदा आलेल्यातले एक पत्र आज तुमच्यापुढे ठेवतो. पत्र एका भगिनीचे आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही.

त्या लिहितात : "आमच्या स्लॅबवर सोलरचा बंब आहे. ढगाळ दिवसांसाठी त्यात विजेची कॉइल बसवून घेतली आहे. गेले पंधरा दिवस कॉइल चालू असली की न्हाणीतल्या गरम पाण्याच्या नळाला हात लावताच मुंग्या येतात. सासूबाई म्हणतात, थंडीने हात बधिरतात. एका वायरमनला दाखवले. तो म्हणाला, थोडा करंट उतरतोय, काळजीचे कारण नाही, चप्पल घालून आंघोळ करत जा. आता आम्ही मोठी माणसे चप्पल घालून न्हातो. पण लहान पोरे ऐकत नाहीत. काय करावे?"

पत्राखाली मोबाइलचा नंबर होता. पत्र वाचले आणि तसाच फोन लावला. म्हटले, ताई, आधी त्या कॉइलची पिन बोर्डातून उपसून बाजूला ठेवा. पाणी चुलीवर तापवा, गॅसवर तापवा, नाही तर एक दिवस पारोसे राहा. पण त्या नळाखाली पोरांना बसवू नका. बाकीचे मग बोलू.

ते बाकीचे आज सगळ्यांसाठीच लिहितो. कारण हा प्रश्न एकट्या त्या घरचा नाही. पूर्वी आपला तांब्याचा बंब परसात असायचा. त्यातला विस्तव डोळ्यांना दिसायचा, पोरगे जवळ गेले तर आई ओरडायची. आता बंब घरावर चढला. त्याच्या शेजारी कोणाचा कूलर आहे, कोणाच्या गोठ्याच्या पत्र्यात हवा ओढणारा पंखा आहे. ही सगळी यंत्रे उन्हात, पावसात, पाण्यात असतात, आणि रोज कोणी वर जाऊन पाहत नाही. त्यांच्यातला विस्तव दिसतही नाही.

मुंग्या कशाच्या?

बंबातली कॉइल म्हणजे धातूची नळी असते. नळीच्या पोटात तापणारी तार, आणि तार व नळी यांच्यामध्ये वीज अडवणारी पांढरी भुकटी ठासून भरलेली. नळी शाबूत आहे तोवर वीज तारेत राहते आणि पाण्याला फक्त उष्णता मिळते.

पण आपल्याकडे बोअरचे पाणी जड. तापले की त्याचा क्षार कॉइलवर बसतो, पातेल्याच्या बुडाला बसतो तसाच. क्षाराच्या थराखाली कॉइलची उष्णता कोंडते, नळी तडकते किंवा गंजून तिला बारीक भोक पडते. भोकातून पाणी आत शिरते आणि वीज बाहेर पाण्यात येते. टाकीतून पाणी खाली नळापर्यंत येते, त्याबरोबर वीजही येते.

मग झटका न बसता नुसत्या मुंग्याच का? पाइप प्लॅस्टिकचा आहे, त्यातल्या पाण्याची बारीक धार विजेला बराच अडथळा करते, म्हणून. माणसाच्या अंगातून साधारण १ मिलिअँपिअर वीज गेली की मुंग्या जाणवतात. १० च्या आसपास गेली की हाताची बोटे आवळतात, धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय यांना धोका. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची. ओल्या अंगाचा अडथळा सुमारे १००० ओहम धरला, तर फेज सरळ अंगाला लागल्यावर २३० मिलिअँपिअर वाहते. माणूस मरायला याच्या कितीतरी कमी पुरते.

म्हणजे मुंग्या हा पहिला निरोप आहे. कॉइलचे भोक आणखी मोठे झाले, एखाद्याने प्लॅस्टिकच्या नळाजागी लोखंडी पाइप जोडला, न्हाणीत फरशीवर पाणी साचले, की त्याच मुंग्यांचा झटका होतो. चप्पल घालणे म्हणजे गळक्या छपराखाली पातेले ठेवणे. पातेले भरेपर्यंतच ते कामाचे.

तिसरी तार काय करते?

आता मुख्य मुद्द्याला येतो. या बंबाला तीन तारा हव्यात. एक फेजची, जी वीज आणते. एक न्यूट्रलची, जी वीज परत नेते. आणि तिसरी अर्थिंगची, जी यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पाइपापर्यंत किंवा पत्र्यापर्यंत जाते. भिंतीतल्या वायरिंगमध्ये फेजची तार लाल, पिवळी किंवा निळी असते, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. यंत्राच्या लोंबत्या वायरीत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली. म्हणजे निळा रंग एका जागी फेजचा आणि दुसऱ्या जागी न्यूट्रलचा. यावरून जाणत्यांचीही गफलत होते, म्हणून रंगावर भरवसा ठेवून घरी जोडाजोड करू नये.

आता नीट ऐका. पहिल्या दोन तारा नसतील तर यंत्र चालत नाही, आपल्याला लगेच कळते. तिसरी नसेल तर यंत्र तितकेच छान चालते. बंब तापतो, कूलर गार हवा देतो, पंखा फिरतो. काही बिघडल्याचे कळतच नाही. म्हणून तिसरी तार पहिल्यांदा कापली जाते. वर न्यायला दोन तारांची वायर स्वस्त पडते, ती आणली जाते. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात जात नाही, म्हणून वरची जाड पिन मोडून टाकली जाते. आणि विचारले तर उत्तर तयार : "चालतंय की!"

यंत्र चालते म्हणजे वायरिंग बरोबर आहे, असे मुळीच नाही. एवढे एक वाक्य जरी या लेखातून तुमच्या घरात राहिले तरी लिहिल्याचे सार्थक झाले.

तिसरी तार जोडलेली असेल, तर कॉइल फुटून बाहेर आलेली वीज टाकीच्या धातूतून त्या तारेने जमिनीत जाते. माणसाच्या अंगातून जाण्यापेक्षा तिला तो रस्ता सोपा.

नुसत्या अर्थिंगवर भागत नाही

इथे थोडे गणित करू. शाळेतल्या पोराला जवळ बसवा, तो करून देईल. २ किलोवॅटचा बंब सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो. त्याला १६ अँपिअरची एमसीबी लावतात. आता कॉइल फुटली आणि वीज अर्थिंगमध्ये उतरली. तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा अडथळा २० ओहम आहे असे धरा. मुरमाड, कातळ जमिनीत उन्हाळ्यात तो याहूनही जास्त भरतो. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. एवढी वीज रात्रंदिवस जमिनीत वाहत राहील, पण १६ ची एमसीबी काही पडायची नाही. टाकीच्या अंगावर वीज तशीच राहील, बिलही चढत राहील.

म्हणून दुसरा राखणदार लागतो. त्याचे नाव आरसीसीबी. बरेच वायरमन तिला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. ती जाणारी आणि परत येणारी वीज सारखी मोजत असते. जितकी गेली तितकी परत आली नाही, म्हणजे कुठे तरी गळते आहे. माणसांच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यायची. गळती तेवढी झाली की एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ती वीज तोडते. दुकानात ३० ऐवजी १०० किंवा ३०० ची दिली तर घेऊ नका. ती आग टाळायला उपयोगी, झटक्यासाठी नाही.

लक्षात ठेवायला सोपे असे : एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला वाचवते. दोन्ही पाहिजेत.

कोणी म्हणेल, मग आरसीसीबी बसवली की तिसरी तार कशाला? त्याचे उत्तर असे. तिसरी तार असेल, तर कॉइल फुटल्याबरोबर गळती सुरू होते आणि कोणी नळाला हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडते. तिसरी तार नसेल, तर गळतीला रस्ताच नसतो. तो रस्ता मिळतो माणसाने हात लावल्यावर, त्याच्या अंगातून. म्हणजे आरसीसीबी पडेल, पण झटका बसल्यानंतर. आणि एकाच वेळी फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारा हातात आल्या, तर आरसीसीबीला काही वेगळे कळत नाही, ती पडत नाही. म्हणून ती आहे या भरवशावर चालू वायरीला हात घालू नये.

या आरसीसीबीवर "टेस्ट" किंवा नुसते "टी" लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. अमावास्या धरा, बाजाराचा दिवस धरा, काही तरी खूण ठेवा. दाबल्यावर ती पडली पाहिजे. पडली नाही तर बदला. मात्र त्या बटणाने आरसीसीबी चांगली आहे एवढेच कळते. अर्थिंग चांगले आहे की नाही, हे त्याने कळत नाही.

पावसाळ्यात ती वारंवार पडू लागली की लोक वैतागतात आणि वायरमनला सांगून मधून काढून टाकतात. त्याला "डायरेक्ट केले" म्हणतात. रात्री कुत्रे भुंकते म्हणून कुत्र्यालाच हाकलून देण्यासारखे हे आहे. ते का भुंकते ते पाहा. बहुधा घरावरच्या एखाद्या जोडात किंवा पंख्यात पाणी शिरलेले सापडेल.

गावातल्या तीन वाईट सवयी

पहिली सवय म्हणजे बोर्डातच अर्थिंगच्या भोकाला न्यूट्रलची तार जोडायची. टेस्टर लावला तर सगळे बरोबर दिसते. पण ज्या दिवशी खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी फेजची वीज यंत्रातून फिरून न्यूट्रलवर येईल आणि तिथून बंबाच्या, कूलरच्या, फ्रीजच्या अंगावर. घरातली सगळी लोखंडी अंगे एकदम जिवंत होतील.

दुसरी सवय आणखी वाईट. न्यूट्रल मिळत नाही म्हणून एक सळई जमिनीत ठोकायची आणि तिच्यावरच दिवा-पंखा चालवायचा. शेतातल्या कोठीत हे सर्रास दिसते. त्या सळईवर आणि तिच्याभोवतीच्या ओल्या जमिनीत वीज उतरत असते. गुरांना माणसापेक्षा कमी वीज पुरते. पुढचे पाय आणि मागचे पाय यांच्यात अंतर जास्त, आणि खुराखाली ओल असते. सळईजवळून गाय-बैल गेले आणि जागीच कोसळले, असे होऊ शकते.

तिसरी सवय म्हणजे फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळून घालायची. मग फ्यूज जात नाही, वायर जळते. घर पत्र्याचे असेल, माळ्यावर कडबा असेल, तर पुढचे सांगायला नको.

वायर घरावर कशी न्यावी?

घरावरची वायर घरातल्या वायरीसारखी नसते. साध्या वायरीचे प्लॅस्टिक उन्हाने कडक होते, तडकते, आणि पहिल्या पावसात तिथून पाणी आत जाते. म्हणून पुढील गोष्टी पाहून घ्या.

१. बंबाला स्वतंत्र तार न्यावी. दिव्याच्या बोर्डातून ओढू नये. २ किलोवॅटच्या बंबाला तांब्याची निदान २.५ चौरस मिलिमीटरची तार लागते, अंतर बरेच असेल तर ४ ची. अर्थिंगची तारही त्याच मापाची. कूलर आणि पंख्याला वीज कमी लागते, त्यांना दीडची तार पुरते. तारेवर आयएसआयची खूण पाहून घ्यावी.

२. वायर पाइपातून न्यावी आणि पाइप भिंतीला पक्का करावा. जिथे पाइप वरून घरात शिरतो, तिथे त्याचे तोंड खाली वळवावे. यंत्रात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळून झोलावरून खाली पडेल, यंत्रात जाणार नाही.

३. घरावर मध्ये जोड नको. एकच अखंड तार. जोड टाळता येत नसेल तर तो झाकणाच्या, पाणी न शिरणाऱ्या खोक्यात. पट्टी गुंडाळलेला जोड उघड्यावर म्हणजे पुढच्या पावसाळ्याची दुरुस्ती आजच करून ठेवल्यासारखे.

४. पत्र्याचे घर असेल तर वायर दोन पत्र्यांच्या मधून किंवा पत्र्याच्या कडेवरून नेऊ नये. वाऱ्याने पत्रा हलतो, त्याची धार करवतीसारखी वायरीवर घासते. एक दिवस सगळे छप्पर जिवंत होते आणि भिंतीला बांधलेली कपडे वाळवायची तारही. पत्र्याला भोक पाडून वायर घ्यायची असेल तर ती पाइपातून घ्यावी, आणि पत्रा व त्याचा लोखंडी सांगाडा दोन्ही अर्थिंगला जोडून घ्यावे. कपडे वाळवायला लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी.

५. यंत्राच्या जवळच, वर, एक बंद करायचा खटका हवा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा हवा, आणि पाणी न शिरणाऱ्या खोक्यात. कारण पुष्कळ ठिकाणी बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. बटण बंद केले की पंखा थांबतो, पण फेज मोटरपर्यंत तशीच असते. शिवाय खाली कोणी "लाइट का गेली" म्हणून बटण चालू केले, तर वर माणूस आहे हे त्याला काय ठाऊक?

कूलरबद्दल वेगळे सांगतो. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र लागला की घरोघरी कूलर लागतो, आणि त्याचे अंग बहुधा पत्र्याचे असते. आत पाणी, पाण्यात पंप, वर मोटर. अंगावर वीज उतरायला याहून सोयीचे दुसरे यंत्र नाही. कूलर नुसता अर्थिंगला जोडून भागत नाही, त्याचा लोखंडी स्टँडही जोडून घ्या. पाणी भरताना, ताट्या बदलताना, पंपाची जाळी साफ करताना पिन उपसलेली असली पाहिजे. नुसते बटण बंद करून नव्हे, पिन उपसून. आणि पाणी भरायचे काम लहान मुलांकडे देऊ नका. हंगाम सुरू होताना गेल्या वर्षीचा कूलर माळ्यावरून काढून तसाच लावू नये. उंदरांनी वायर कुरतडलेली असते. वायर हातभर हातभर करून पाहावी.

जमिनीतला खड्डा

तिसरी तार शेवटी जाते जमिनीत. तिथे काही नसेल तर वरचे सगळे वाया. पुष्कळ घरांत मीटर बसवताना अर्थिंग केलेले असते आणि त्यानंतर तिथे कोणी पाहिलेले नसते. खड्डा मातीखाली गेलेला, तार गंजून तुटलेली.

साध्या घराला अडीच मीटर लांब, सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप पुरतो. भिंतीपासून निदान दीड मीटर लांब खड्डा घ्यावा. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची जुनी रीत आहे. त्याने ओल टिकते, पण मिठाने पाइप लवकर गंजतो, म्हणून काही वर्षांनी तपासावे लागते. आता मिठाऐवजी वापरायची तयार मातीही मिळते. वर झाकण असलेला चौकोन बांधावा, म्हणजे जोड डोळ्यांना दिसेल. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते, तिथे तर हे जास्तच गरजेचे. जिथे कातळ आहे तिथे दोन खड्डे घेऊन एकमेकांना जोडावे.

पाण्याच्या नळाच्या पाइपाला अर्थिंगची तार बांधू नका. पूर्वी पाइप लोखंडी आणि जमिनीतून आलेला असे. आता मध्येच कुठे तरी प्लॅस्टिकचा तुकडा असतो. मग वीज जमिनीत न जाता नळावर थांबते.

वर चढण्याआधी

बंबाच्या नळ्या पुसायला, टाकी धुवायला, पंखा काढायला माणूस वर जातो. त्याआधी तीन गोष्टी.

पहिली, नुसता मेन बंद करून थांबू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद झाल्यावर तो आपणहून वीज देऊ लागतो. तोही बंद करा.

दुसरी, आता २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेमुळे पुष्कळ घरांवर विजेचे सौर पॅनेल बसू लागले आहेत. पॅनेलवर ऊन पडते तोवर त्यातून निघणाऱ्या तारांत वीज असते. महावितरणची लाइन गेलेली असो, नसो, मेन बंद असो, नसो. त्या तारा, त्यांचे जोड यांना हात लावायचे काम बसवणाऱ्याचेच. बंबाची वायर त्यांच्या पाइपात घालू नये.

तिसरी, डोक्यावर पाहा. घरावरून किंवा घराशेजारून लाइन गेली असेल, तर नियमाप्रमाणे घरगुती लाइनच्या तारा छपराच्या वर निदान २.५ मीटर आणि बाजूने निदान १.२ मीटर दूर हव्यात. मोठ्या दाबाच्या लाइनला अंतर जास्त लागते. पण आपण एक मजला चढवतो, त्यावर बंबाचा स्टँड ठेवतो, त्यावर टाकी, आणि अंतर खाऊन टाकतो. लोखंडी शिडी किंवा लांब पाइप उभा करताना तो तारेला लागला तर कोणतीही आरसीसीबी वाचवणार नाही. अंतर कमी असेल तर महावितरणकडे लेखी अर्ज करा, आणि तोवर तिथे काही उभारू नका.

वायरमनला काय विचाराल?

काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. पाहुण्यांतला पोरगा चार पैसे कमी घेईल, पण त्याच्याकडे तपासायची साधने नसतात. काम झाल्यावर पैसे देण्याआधी हे विचारा : अर्थिंगचा अडथळा मोजून किती आला? तारांमधली गळती मेगरने पाहिली का? (ती पाहताना अडथळा निदान १ मेगओहम यावा.) बोर्डातल्या अर्थिंगच्या भोकापासून बंबाच्या धातूपर्यंत तार अखंड आहे हे दाखवता का? आरसीसीबी माझ्यासमोर पाडून दाखवता का? बटण फेजवर आहे ना? आकडे वहीत लिहून घ्या. खरा कारागीर या प्रश्नांनी रागवत नाही. रागावला तर समजून घ्या.

आणि एक घरची शिस्त. बंबाची कॉइल पाणी तापेपर्यंतच चालू ठेवायची. आंघोळीला जाण्याआधी दोन्ही तारा तोडणाऱ्या खटक्याने ती बंद करायची, तसा खटका नसेल तर पिन उपसायची. वायरिंग कितीही चांगले असले तरी ही सवय मोडू नका.

कोणी चिकटलेच तर

त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला सोडवा. शेतातली मोठ्या दाबाची लाइन असेल तर काठीनेही जाऊ नका, दूर राहून १९१२ वर लाइन बंद करायला सांगा. माणूस सुटल्यावर श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून जोराने, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पाणी पाजणे, अंगाला माती चोळणे, जमिनीत पुरणे यात वेळ घालवू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

आता त्या ताईंचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. तालुक्याहून दुसरा वायरमन आला. त्याने बंबाचे झाकण उघडले. तीन तारांची वायर वरपर्यंत बरोबर गेलेली होती, पण हिरवी-पिवळी तार शेंड्याला कापून, पट्टी गुंडाळून मागे दुमडून ठेवलेली. खाली मीटरजवळ खणले, तर अर्थिंगची तार पाइपापासून केव्हाच गंजून सुटलेली. कॉइलवर बोटभर क्षार, आणि नळीला मधोमध चीर. घरात आरसीसीबी नव्हतीच. नवी कॉइल, नवा पाइप, आरसीसीबी, एवढे सगळे एका दिवसात झाले. खर्च झाला, तो त्यांनी लिहिला आहे. त्यासाठी त्या हंगामातली एक शेळी विकावी लागली.

पत्राच्या शेवटी लिहितात : "सासूबाईंनी सगळ्यांच्या चपला न्हाणीतून बाहेर काढून दारात ठेवल्या. म्हणाल्या, चपलेची जागा उंबऱ्याबाहेर."

तुमच्याही न्हाणीत चपला असतील, आणि त्या ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून ठेवलेल्या असतील तर असू द्या. पण मुंग्या येतात म्हणून ठेवलेल्या असतील, तर हा अंक खाली ठेवा आणि आधी बंबाची पिन उपसून या.